धवलारीण गोजरा आणि राहून गेलेली नावं

गोजरा लग्नं लावायची. नव्या माणसाला हे खरं वाटत नाही, म्हणून आधी तेच सांगते.

सारसोळे हे आताच्या नेरूळमधलं जुनं मासेमारीचं गाव. मी तिथल्या शाळेत शिकवायला आले ती बहात्तर साली. तेव्हा गावाभोवती भातखाचरं, पलीकडे मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी होती. या खाडीकाठच्या गावांत लग्नाला भटजीचं अडत नसे, धवलारणीचं अडे. धवला म्हणजे लग्नात गायची गाणी. ती सगळी पाठ असणारी आणि गात गात एकेक विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्या शब्दाशिवाय हळद लागत नसे, अक्षता पडत नसत. नवरानवरी तिच्या पुढ्यात बसायची आणि सगळा मांडव तिच्या तोंडाकडे बघत असायचा.

या धवल्याच्या सुरुवातीला आमंत्रणं असतात. आधी देवांना, मग गावाच्या राखणदाराला आणि मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन धवलारीण बोलावते, या, पाटावर बसा, तुमच्या घरी कार्य आहे. आजे, पणजे, आत्या, काका, पाळण्यात गेलेली मुलंसुद्धा. ज्याचं नाव राहिलं तो रुसतो, असं मानतात. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मांडवात जिवंत माणसं दाटीनं बसलेली, आणि त्यांच्यामधून ती पातळ आवाजात मेलेल्यांसाठी जागा करत होती.

गोजराचा आवाज गोड नव्हता, पण लांब जायचा. एरवी ती फार कमी बोले, आणि बोले ते गावच्या बोलीत, ‘पडते’ला ‘परते’ आणि ‘घरात’ला ‘घरान’ म्हणत. ठेंगणी, रुंद हातांची, हसताना तोंडावर पदर धरणारी. धवला तिनं सासूकडून घेतला होता. सासू शेवंताबाई, त्या काळची पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण, डोळ्यांनी अधू झाल्यावर तिनं मुलगी नसल्यामुळे सुनेला शिकवलं. नवरा पंढरी होडी घेऊन खाडीत जायचा. एक मुलगी, जयमाला, माझ्या वर्गात होती. तिच्या जन्मानंतर गोजराच्या मानेवर, पोटावर, पाठीवर आणि दंडांवर तपकिरी ठिपके उठले होते, मसुराच्या डाळीएवढे. ते गेले नाहीत. ती चोळीच्या बाह्या लांब शिवून घेई.

पहिला झटका मी पाहिला तो हिरामणच्या धाकट्या भावाच्या हळदीत. हिरामण मासळीचा व्यापारी, मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा, प्रत्येकाची थट्टा करणारा. वैशाखातली दुपार होती. मांडवालगत चुली पेटलेल्या, ढोलकी चाललेली. रीतीप्रमाणे धवलारणीला मानाचा म्हणून घोटभर ताडी दिली होती. गोजरा हळदीचं गाणं म्हणत होती आणि मध्येच थांबली. तिनं हात गळ्याशी नेला. चेहरा बघता बघता लालभडक झाला, डोळ्यांखाली सूज आली, मानेवरचे ठिपके गांधीलमाशी चावल्यासारखे वर आले. "पोट," एवढंच म्हणाली आणि हळदीच्या परातीवर पडली.

बायका ओरडल्या. ढोलकी बंद पडली. शेवंताबाई खांबाला टेकून बसली होती, तिला दिसत नव्हतं, पण काय झालं ते तिनं विचारलंसुद्धा नाही. एकदम म्हणाली, "कोन राह्यला? कोनाचा नाव नाय घेतला?"

हिरामणची आई आठवू लागली. आजा झाला, आजी झाली, चुलता झाला. मग तिनं कपाळावर हात मारला. "माजी नणंद गो! रखमा! बंदरावं बुरालेली. पोर व्हती, लगीनसुदा नव्हता जाला."

शेवंताबाईनं तिथूनच हाक घातली. "रखमे, ये गो बाय. चुकला आमचा. पाटावं बस." पाट मांडला, त्यावर भात वाढला, मासळीचा तुकडा ठेवला. गोजराला चटईवर आडवं केलं होतं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

असा झटका आडवं केल्यावर पुष्कळदा आपोआप ओसरतो, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. त्या दिवशी मात्र मांडवातल्या सगळ्यांनी पाहिलं की रखमाला बोलावलं आणि गोजरा उठली. मीही तेच पाहिलं. घरी जाताना माझीसुद्धा मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर झटके येतच राहिले. लग्नातच येत असते तर निदान ठरवता आलं असतं. ते कुठंही येत. भांडी घासताना, सुकट वाळत घालताना, एकदा देवळात, एकदा नुसती दारात बसलेली असताना. एका दिवशी भर उन्हात बोंबील निवडून आली तरी काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी सावलीत बसून चहा पिताना पडली. कधी महिनोन् महिने काही नाही. मग लोक म्हणत, सुटली. मग पुन्हा.

एकदा ती जयमालाला न्यायला शाळेत आली होती. व्हरांड्यात माझ्याशी बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. लाल झाला नव्हता अजून, नुसता घाबरला होता. तळहात एकमेकांवर घासू लागली.

"काय होतंय?" मी विचारलं.

"तोंडान लोखंडाची चव आली. आता येल." तिनं माझा हात धरला. "बाई, माज्या मागं कोन हाय?"

"कोणी नाही. भिंत आहे."

"नाय, हाय. हुबी हाय. मना वाटतं मी आता मरनार." आणि मग चेहरा लाल होत गेला आणि मी तिला बाकावर आडवं केलं.

पुढे ती मला म्हणाली की पडण्याचं तिला काही वाटत नाही, उलट्यांचं आणि पोटातल्या पिळाचंही नाही. त्याच्या आधीचा क्षणच वाईट. अंगात काही व्हायच्या आधी मनाला कळतं की आपण आता मरणार, आणि आपल्याला न्यायला कोणीतरी येऊन मागं उभं आहे. "दर टायमाला खराच वाटतं. मागल्या टायमाला खोटा निगाला, ही आठवनच येत नाय."

हे ऐकल्यावर तिची पुढची वाट समजते. मागं उभं राहणारं कोणीतरी असेल, तर त्याला नाव असणार. नाव असेल, तर त्याला बोलावता येईल. प्रत्येक झटक्यानंतर ती शोधायला लागे, की कोण राहिलं. म्हाताऱ्यांकडे जाऊन बसे. तुमच्यात कोण अकाली गेलं, कोणाचं नाव कोणी घेत नाही? सापडलेलं नाव पुढच्या लग्नात आमंत्रणात जाई. त्यानंतर काही दिवस बरे गेले की तिची खात्री पटे. बरे नाही गेले तर अजून कोणीतरी आहे, अशी खात्री पटे. दोन्हीकडून तेच.

शेवंताबाई वारली तेव्हा गोजराला सांगून गेली, "कोनाला इसरू नको." सासूला सुनेची काळजी होती, पण त्या शब्दानं गोजरा आणखीच अडकली.

आमंत्रणं वाढत गेली. घरातल्यांच्या पुढे भावकी आली. भावकीपुढे ज्यांना कोणीच नव्हतं ते. बारशाआधी गेलेली, नाव नसलेली बाळं. मिठागरावर कामाला आलेला आणि तापानं गेलेला परमुलखातला मजूर. एकदा खारफुटीत एक प्रेत अडकलं होतं, कोणाचं ते कधीच कळलं नाही. त्यालाही ती बोलवायची. "खारीतल्या बाबा, ये." लहान मुलं तिथं आईला चिकटायची.

लग्नघरी लोक कंटाळू लागले. जेवणं खोळंबत. हिरामण मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या मास्तरीनबाई शालेत जित्या पोरांची हजेरी घेतात, ही मांडवान मेलेल्यांची! अगो गोजरे, कोन गैरहजर असल त्याला छडी मार नि पुरं कर!" लोक हसले. गोजरासुद्धा पदराआड हसली. पण एकही नाव तिनं गाळलं नाही.

तोवर आजूबाजूला बदल चालला होता. सरकारनं नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या होत्या. खाचरं भरावाखाली जात होती, मातीचे ट्रक दिवसभर ये-जा करत. पंढरीची होडी उभी राहू लागली आणि तो तुर्भ्याच्या एका कारखान्यावर पहारेकरी म्हणून लागला. पैसा आलेल्या घरांत लग्नं थाटाची होऊ लागली होती. वाशीच्या नव्या बिल्डिंगांतून भटजी मिळत होते आणि ते तासाभरात मोकळं करत. तरीही जुनी घरं गोजरालाच बोलावत. ती कधी पडेल, याची धास्ती असायची. धवलारीण मांडवात पडली की ते नवरानवरीच्या डोक्यावर येतं, असं बायका आपसात कुजबुजत. पण तिनं आमंत्रण दिल्याशिवाय आपले आजेपणजे येणार नाहीत, याचीही धास्ती होतीच.

मग सितारामच्या मुलाचं लग्न झालं.

सिताराम विटांच्या धंद्यात वर आलेला माणूस. लग्न दुसऱ्या बायकोच्या मुलाचं होतं, सून तुर्भ्याची. सितारामची पहिली बायको विमल एका संध्याकाळी घागर घेऊन घराबाहेर पडली आणि परत आली नाही. घागर खाडीच्या काठावर मिळाली. ती माहेरी निघून गेली असं त्या घरानं सांगितलं आणि गावानं मान्य केलं. पुन्हा कोणी विमलचं नाव काढलं नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात गोजराला मोठा झटका आला होता. ती माझ्याकडे आली, डोळ्यांखाली अजून सूज होती. म्हणाली, "बाई, आता गावान कोनीच नाय राह्यला. येक विमल सोरून."

"सितारामला विचारलंस?"

"इचारून तो व्हय बोलनार हाय का?"

"मग नको घेऊस नाव. कशाला त्या घरात आग लावतेस?"

ती जायला उठली. मग म्हणाली, "नाव नाय घेतला तं मेलेली धरतात. घेतला तं जिती धरतील. जित्यांच्या हातून सुटता येतं."

मांडवात, सुनेच्या माहेरच्या सगळ्या माणसांदेखत तिनं नाव घेतलं. "सितारामाची पयली, विमल, खारीशी गेलेली. ये गो बाय. तुज्या घरान लगीन हाय." ढोलकी वाजवणाऱ्याचा हात तसाच राहिला. सितारामची दुसरी बायको कलश घेऊन उभी होती, ती खाली बसली आणि रडायला लागली. सिताराम उठला. आवाज चढवला नाही त्यानं. "गोजरे, तोंड आवर. नायतर मी आवरतो."

तुर्भ्याची माणसं आपसात विचारू लागली, पहिली कोण? खाडीशी गेली म्हणजे काय? लग्न लागलं, पण जेवायला अर्धी माणसं थांबली नाहीत. त्या दिवसापासून गोजराला बोलावणं बंद झालं. प्रत्येक घराला वाटलं, आपलीही एखादी घागर काठावर असेल. हिची जीभ कुठे थांबेल सांगता येत नाही.

ती घरातच बसू लागली. झटके थांबले नव्हते. आता नाव घ्यायला मांडवही नव्हता, म्हणून ती चुलीशी बसून पुटपुटायची. जयमाला तेव्हा दहावीला होती. एकदा मला म्हणाली, "बाई, आमच्या घरात आम्ही तिघंच राहतो, पण बसायला जागा नाही असं वाटतं."

त्र्याऐंशी साली गोजराची दाढ दुखत होती. पंढरीनं नाक्यावरच्या दुकानातून दुखण्यावरची साधी गोळी आणली. ती घेतल्यावर थोड्या वेळात ती जी पडली, ती आडवं करूनही उठेना. ओठ निळे पडले. हिरामणनं मासळीचा टेंपो रिकामा केला, बर्फाच्या पाण्यातच गोणपाट टाकून तिला झोपवलं. वाशीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन जीव धरला आणि पूल ओलांडून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. जयमाला आणि मी बरोबर गेलो. वाटेत हिरामण एक अक्षर बोलला नाही. त्याला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिथं त्वचेच्या विभागातल्या डॉक्टर चारुलताबाईंनी गोजराच्या दंडावरचा एक ठिपका पेनाच्या टोपणानं हलकेच घासला. आमच्या डोळ्यांदेखत तो फुगून वर आला, भोवती लाल झाला. दुसऱ्या साध्या कातडीवर घासलं तर काही नाही. त्यांनी मान हलवली. एका ठिपक्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आम्हाला पुन्हा बोलावलं.

दुसऱ्या खेपेस त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या शरीरात एका जातीच्या पेशी असतात, मास्ट पेशी. त्यांच्या पोटात एक रसायन भरलेलं असतं, शरीरात काही नको ते शिरलं तर बाहेर टाकण्यासाठी. गोजराच्या शरीरात या पेशी गरजेपेक्षा फार जास्त होत्या आणि कारण नसतानाही फुटत होत्या. ऊन, घासणं, ताडी, काही गोळ्या, भीती, कशानंही. आणि कधी कशानंच नाही.

"आधी वाटतं मरनार, ते?" गोजरानं विचारलं.

"तेही त्यातलंच. ते रसायन रक्तात उतरलं की तसं वाटतं."

"आनि मागं हुबी असते ती?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मागं कोणी नसतं, बाई. तुमच्याच पेशी आहेत."

"मंग त्या कवा येनार ते सांगा."

"ते नाही सांगता येत. गोळ्या देते, त्यानं कमी येतील. पण कधी येईल ते मलाच काय, कोणालाच सांगता येणार नाही. चिन्हं दिसली की गोळी घ्यायची, आडवं व्हायचं, पाय उंचावर ठेवायचे. ताडी बंद. दुखण्यावरच्या गोळ्या बंद."

गोजरा बाहेर येऊन बाकावर बसली. मला वाटलं, तिचं ओझं उतरलं असेल. ती म्हणाली, "मेलेली बरी व्हती, बाई. त्यांना नाव तरी व्हता. पाट मांरला की बसायची. या पेसीला काय वारायचा?"

गोळ्यांनी खरंच फरक पडला. झटके विरळ झाले, आले तरी हलके. ती जयमालाबरोबर वाशीला जाऊन गोळ्या आणी, कमरेच्या पिशवीत ठेवी. पण तिला सुख लागलं नाही. इतकी वर्षं कोणी आलंच नव्हतं, हे पचवायला तिला आजारापेक्षा जड गेलं. रखमा आली नव्हती. खारीतला बाबा आला नव्हता. एका दुपारी माझ्या शाळेच्या पायरीवर बसून ती म्हणाली, "विमलला मी उगाच बोलावली. सितारामाच्या बायकोला रडवली. ती माज्या मागं नव्हतीच." मग तिनं विचारलं, "मंग ती हाय कुठं?"



पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात जयमालाचं लग्न ठरलं. मुलगा ऐरोलीच्या गावातला, नंदकुमार, कारखान्यात फिटर. बोलणी करायला त्याचे वडील आले तेव्हा मीही होते, हिरामणही होता. सगळं जमलं आणि शेवटी व्याही घसा खाकरून म्हणाले, "धवलारीन आमी आमची आनू. नायतं भटजी सांगू. तुमची बायको मांडवान परते, असा आयकलाय. पोरांच्या डोक्यावं कशाला ते?"

पंढरीनं पानाचं तबक पुढे सरकवलं. गोजरा आत चुलीशी होती, तिला ऐकू जात होतं. जयमाला पाणी घेऊन आली होती, तिनं तांब्या खाली ठेवला.

"मी आईच्याच धवल्यावर लगीन करीन," ती म्हणाली. "नाहीतर कोर्टात रजिस्टर करा. तिथं कोणी पडत नाही."

व्याही चक्रावले. हिरामण मोठ्यानं हसला. "बघा, सून येवाच्या आधी वकील आयली! अवो पाव्हणं, पडली तं पडली. आमच्या गावाला सवय हाय तिच्या पडण्याची. पडली तरी मेली नाय ना कवा?"

अखेर तडजोड झाली. धवला गोजराच म्हणेल, पण नावं फक्त घरातल्यांची. गावातलं बाहेरचं एकही नाव नाही. झटका आला तर ऐरोलीची धवलारीण मांडवात हजर असेल, ती पुढचं म्हणेल. गोजरानं आतून "व्हय" म्हटलं. तिला दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती. इतर कोणाच्या मांडवात तिला आता कोणी बोलावणार नव्हतं. आणि लेकीच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांदेखत तिच्या जागी दुसरी बाई बसली असती, तर सासूनं दिलेलं तिच्या हातून कायमचं गेलं असतं. हे तिनं मला बोलून दाखवलं नाही. पण लग्नाआधीचे दिवस ती ताडी, ऊन, मसाला, घाई, सगळ्यापासून दूर राहिली. हळद कुटायलासुद्धा बसली नाही. काचेच्या भांड्यासारखी वागत होती.

लग्न दुपारचं होतं. मांडव भरला होता. ऐरोलीची धवलारीण पुढेच बसली होती, तगडी बाई, पान खात. गोजरानं देवांना बोलावलं, राखणदाराला बोलावलं, पंढरीच्या घरातल्यांना बोलावलं. शेवटी शेवंताबाईचं नाव घेतलं आणि थांबली. पूर्वी ती जिथं थांबत नसे, तिथं थांबली. मांडवातले लोक अजून कोणाचं तरी नाव येईल म्हणून थांबले होते. आलं नाही. व्याह्यांनी मान डोलावली.

नवरानवरी समोरासमोर उभी राहिली, मध्ये कापड धरलं. गोजरानं पुढचं गाणं सुरू केलं आणि मी पाहिलं, ती तळहात घासत होती.

मी उठणार तोच तिनं हातानं मला बसवलं. गाणं न तोडता कमरेची पिशवी सोडली, गोळी काढली, एका ओळीच्या शेवटी पाण्याबरोबर गिळली. पुढच्या ओळीला तिचा चेहरा लाल होऊ लागला. हिरामणची म्हातारी आई मागून ओरडली, "कोन राह्यला गो? सांग, कोन राह्यला?"

"कोनी नाय," गोजरा म्हणाली. "माजी पेसी हाय." आणि ती सगळ्यांसमोर चटईवर आडवी झाली.

ऐरोलीची धवलारीण पानाची पिंक टाकून पुढे सरकली. पाय उंच करायला पाहिजेत, हे तिथं जयमालाला आणि मलाच ठाऊक होतं. जयमाला कापडापलीकडे उभी होती, तिला हलता येत नव्हतं. ती ओरडली, "आईचे पाय वर करा!" पायांखाली घ्यायला मी तांदळाच्या गोणीकडे धावले, पण ती लांब होती. तेवढ्यात जवळ बसलेल्या एका बाईनं गोजराचे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. ती सितारामची बायको होती. वाकून म्हणाली, "आता कोनाला बोलावू नको हां. गा मुकाट्यानं."

आणि गोजरा गायली. छतावरच्या आंब्याच्या पानांकडे बघत, अधूनमधून श्वास अडकत, घामानं भिजलेली. आवाज आणखी पातळ झाला होता, पण लांब जात होता. तिला दम लागला की सारसोळ्याच्या बायका ओळ उचलून धरत आणि तिची वाट बघत. ऐरोलीची धवलारीण तोंड उघडून बसली होती, तिला शिरायला फटच मिळाली नाही. कापड बाजूला झालं, अक्षता पडल्या. काही अक्षता गोजराच्या अंगावरही पडल्या. मग तिनं डोळे मिटले. रंग हळूहळू उतरला.

पाहुण्यांत कुजबुज झालीच. आडवी पडून लग्न लावलं, असं पुढे कित्येक दिवस ऐरोलीला सांगत होते. पण ते सांगतानासुद्धा तिनं लग्न लावलं, असंच सांगत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. मांडव अर्धा उतरवला होता. गोजरा मोठी पातेली उन्हात पालथी घालत होती. पंढरी खांब उपटत होता. मी तिला म्हटलं, "जिंकलीस."

तिनं मान हलवली, पण चेहरा तसा नव्हता. पातेल्याला टेकून बसली.

"काल त्या टायमाला," ती म्हणाली, "तोंडान लोखंड आयला, हात खाजाया लागलं. मी वाट बघितली. आता मागं येऊन हुबी राहील, आता राहील. लगीन चाललाय, पोर समोर हाय, आता मना न्यायाला येल."

"आणि?"

"कोनी नाय आयला, बाई. मागं रिकामा व्हता. येवढा रिकामा मना कवाच वाटला नव्हता. मरनार असा वाटत व्हता, नि न्यायालाबी कोनी नाय." तिनं उतरवलेल्या मांडवाच्या मोकळ्या बाजूकडे पाहिलं. तिकडे भराव टाकायला ट्रक आला होता. "ती असताना मना भ्या वाटायचा. पन येकली नव्हती मी."

पंढरीनं हाक मारली, खांब धरायला. ती उठली आणि गेली.

पुढे ती बरीच वर्षं जगली. घरं पुन्हा तिला बोलावू लागली, आमंत्रणं आटोपशीर झाली, गोळ्या चालू राहिल्या. झटके येत राहिले, कधी हिवाळ्यात, कधी भर उन्हात, कधी कशानंच नाही. धवला म्हणताना घरातल्यांची नावं संपली की ती थोडा वेळ गप्प बसे. लोकांना वाटे, दम घेतेय. मी जवळ बसलेली असले तर मला तिचे ओठ हलताना दिसत, रखमे, ये गो बाय, खारीतल्या बाबा, ये.